बाजेखालची शेगडी

माझा फॉर्म कधी परत येत नाही. बावीस वर्षं झाली, बुऱ्हाणपूरच्या आसपासच्या गावांत लोकांच्या ओट्यावर बसून सवाल विचारतेय. शौचालय आहे का, चूल की गॅस, बाई किती शिकली, मीठ कुठलं खाता. इंदूरचे आले, भोपाळचे आले, पुण्याचे आले, आणि जाताना सगळे एकच म्हणायचे, भारतीताई, तुमच्यासारखं काम नाही. मला ते ऐकायला गोड लागायचं, खोटं कशाला सांगू. त्या गोडीपायी मी काय करून बसले ते आता सांगते. मध्ये कोणी मला समजवायला येऊ नका, समजवणारे घरात पुष्कळ आहेत.

मी बुऱ्हाणपुरातल्या लालबागला राहते. आमचे हे, हिरामण, कागदाच्या मिलमधून रिटायर झाले तेव्हापासून पंख्याखाली बसून मला अक्कल शिकवतात. मुलगा राहुल सुरतेला. आणि लेक निशा, ती दिली तिकडे डोंगराच्या अंगाला, चिंचझिऱ्याला, इथून अडतीस किलोमीटर. जावई जीवन केळीच्या कटाईवर जातो, माणूस सरळ आहे. पहिल्या खेपेला निशा माझ्याकडे आली, पोरगा झाला, सगळं बेस पार पडलं. पण आमच्यात पहिलं बाळंतपण माहेरी आणि दुसरं सासरी. निशाच्या सासूनं, मालूबाईनं, ते आधीच बोलून ठेवलं होतं. गावापासून सहा किलोमीटरवर बाळंतपणाचं सरकारी सेंटर होतं, चार खाटांचं, म्हणून मीही मान डोलावली.

पण ते सेंटर म्हणजे नावाचं सेंटर. नर्स आठवड्यातून तीन दिवस येणार, बाकी दिवस कुलूप. तिथं चोवीस तासांची नर्स द्यायची की सेंटरच बंद करून टाकायचं, यावर वरती खल चालला होता. निशाला तेव्हा चौथा महिना होता. मी मनात म्हणायचे, देवा, मे महिन्यापर्यंत तिथं एक नर्स बसव, बाकी काही मागत नाही.

त्याच डिसेंबरात चारुलता आली. पुण्याची पोरगी, पीएच.डी. करणारी. लोकांच्या जगण्यातले सवाल संख्याशास्त्रानं सोडवायचे, असा तिचा विषय. बारीक अंगाची, मोठ्या चष्म्याची, जेवताना पण वहीत काहीतरी मांडू राहिलेली. तिनं गावांचे दोन गट केले होते, एक अ आणि एक ब. प्रत्येक गटातून गेल्या तीन वर्षांत बाळंतीण झालेल्या चारशेच्या वर बायका चिठ्ठ्या काढल्यासारख्या निवडलेल्या. अ गट मला, त्यात निशाच्या सासरकडची गावं. ब गट मोहितला. मोहित इंदूरचा, तीस-बत्तीसचा, अर्धं हिंदी अर्धं मराठी बोलणारा, पायात कायम बूट. ओट्यावर चढतानाही बूट काढायचा नाही. मी म्हटलं, याला बायका दारात तरी उभं करतील का!

लालबागच्या एका हॉलमध्ये दोन दिवस ट्रेनिंग झालं. काय सिद्ध करायचंय ते चारुलतानं सांगितलं नाही. म्हणाली, विचारणाऱ्याला उत्तर आधी माहीत असलं की समोरचा नकळत तेच देतो, म्हणून तुम्हाला सांगणार नाही. आणखी एक गोष्ट तिनं फळ्यावर मोठी करून लिहिली. उत्तर मिळालं नाही, विचारता आलं नाही, बाई उठून गेली, तर त्या खान्यात नव्व्याण्णव लिहायचं. शून्य लिहायचं नाही. शून्य म्हणजे विचारलं आणि उत्तर आलं, की एकही नाही. मी मान हलवली. मला काय नवं सांगत होती? मी बावीस वर्षं फॉर्म भरू राहिले.

फॉर्मवर चौदावा प्रश्न होता: जन्माला येऊन नंतर वारलेलं मूल आहे का, असल्यास किती?

आता हे पुण्याच्या माणसाला कसं सांगायचं? आमच्याकडे पाचवीला सटवाई येते आणि लेकराच्या कपाळावर लिहून जाते. पाचवीच्या पूजेत पाटा मांडतात, कोरा कागद ठेवतात, पेन ठेवतात. त्याच्या आधी लेकरू गेलं तर त्याच्या कपाळावर काही लिहिलेलंच नसतं. मग ते आलंच नव्हतं असं धरतात. त्याचं नाव नाही, सुतक नाही, बाप निमूट जाऊन पुरून येतो. आणि त्याच्याबद्दल पुढं कधी बोलत नाहीत. घरात पोटुशी बाई असेल, मांडीवर अंगावरचं लेकरू असेल, तर मुळीच नाही. बोललं की ते परत वाट काढत येतं आणि दुसऱ्यालाही घेऊन जातं म्हणतात. मी शिकलेली बाई आहे, बारावी पास आहे. तरी मीही कधी बोलले नव्हते.

आणि ज्या घरांत मला पाठवलं होतं तिथं प्रत्येक बाईच्या मांडीवर लेकरू, नाहीतर पोटात. ताराबाईच्या घरचं सांगते. ताराबाई समोर सुपात तांदूळ निवडत बसलेली, सून कोपऱ्यात लेकराला पाजत होती. मी लेकरं किती विचारलं. सून म्हणाली, हे आणि मोठी, दोन. मी तेरावा प्रश्न संपवला आणि चौदाव्यावर आले. सुनेनं माझ्याकडे पाहिलं आणि लेकराच्या डोक्यावर पदर ओढला. ताराबाईचे हात सुपात थांबले. मला काय कळायचं ते कळलं. मी म्हटलं, बरं, पाणी कुठून भरता? आणि चौदाच्या खान्यात शून्य टाकून पुढं गेले.

नव्व्याण्णव का नाही लिहिलं? कारण नव्व्याण्णव लिहिलं की पर्यवेक्षक विचारतो, बाई का बोलली नाही. फॉर्म परत येतो. माझा फॉर्म परत येत नाही, सांगितलं ना मघाशी. शिवाय मला ते खोटं वाटलंच नाही. त्यांच्या हिशेबात ते लेकरू आलंच नव्हतं, मग शून्यच की. मोठ्या मायेनं लिहिलं मी ते शून्य. चारशे बारा घरांत चारच बायकांनी आपणहून सांगितलं. एकीचं सहा महिन्यांचं न्युमोनियानं गेलेलं, एकीचं वर्षाचं, दोघींची दोन-दोन महिन्यांची. ती मी लिहिली. बाकी चारशे आठ घरांत शून्य.

फेब्रुवारीत निकाल सांगायची मीटिंग झाली. जिल्ह्याचे एक मोठे साहेब आले होते, चारुलताचे गाइड निरंजन सर पुण्याहून आलेले. मीटिंगच्या आधी मोहित आणि मी चहा घेत उभे होतो. मोहित म्हणाला, "ताई, तुम्ही ग्रेट हो. मेरा तो हाल बुरा झाला त्या चौदा नंबरवर. किती गाली खाल्ल्या! एका म्हातारीनं तर अंगावर बादली ओतली."

मी म्हटलं, "मग विचारायचं कशाला एवढं खोदून?"

"विचारावं तर लागतं ना. लिहिलेलं आहे म्हणून विचारलं. सतरा निघाले. त्यातले तेरा तर पहिल्या तीन-चार दिवसांतलेच. तुमचे किती?"

"चार," मी म्हटलं.

"पहिल्या दिवसांतले?"

मी चहाचा कप तसाच खिडकीत ठेवला. माझ्यातलं एकही नाही.

आत चारुलतानं पडद्यावर दोन खांब दाखवले. अ गट, जिथं नर्स नावापुरती, तिथला खांब एवढासा. ब गट, जिथं नर्स दिवसरात्र असते, तिथला चौपट उंच. ती म्हणाली, तिला उलटं दिसेल असं वाटलं होतं. पण आकडे आले ते असे. हा फरक नुसत्या योगायोगानं पडायची शक्यता हजारात चार. मग साहेबांनी विचारलं, माहिती पक्की आहे ना? चारुलतानं माझ्याकडे हात केला. "सर, अ गटाचे फॉर्म भारतीताईंनी भरलेत. चारशे बारा फॉर्म, एक जागा रिकामी नाही, एकही नव्व्याण्णव नाही. इतकं स्वच्छ काम मी कुठं पाहिलं नाही." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मोहितनं पण वाजवल्या.

मला तेव्हा उठायचं होतं. एवढंच म्हणायचं होतं, की मी विचारलंच नाही. तीन शब्द होते हो! पण टाळ्या वाजत होत्या, साहेब माझ्याकडे बघून हसत होते, आणि मी खाली मान घालून पदराचं टोक पिळत बसले. आज मला त्या बाईच्या, म्हणजे माझ्याच, थोबाडीत मारावंसं वाटतं. साहेब म्हणाले, मग चिंचझिऱ्याकडचं सेंटर नसलं तरी काही अडचण दिसत नाही, आपण तिथली नर्स दुसरीकडं देऊ, मार्चअखेर बंद करून टाकू. निरंजन सर म्हणाले, एवढ्यावरून थेट तसं म्हणता येणार नाही. साहेब म्हणाले, मला खर्चाचा कागद मार्चमध्येच करायचा असतो. विषय संपला.

चार दिवस मी कोणाशी धड बोलले नाही. हे म्हणाले, तुला काय झालंय, टाळ्या पडल्या ना? मी त्यांच्यावर अशी खेकसले की त्यांनी पंखाच बंद केला. पाचव्या दिवशी चारुलता राहत होती त्या खोलीवर गेले आणि सगळं सांगितलं. पाचवी, सटवाई, ताराबाईचं सूप, शून्य. ती पलंगावर बसली होती. तिनं चष्मा काढला आणि कितीतरी वेळ पुसत राहिली.

"ताई, तुम्ही ते रिकामं ठेवलं असतं ना," ती म्हणाली, "तरी मी काहीतरी केलं असतं. रिकाम्या जागेचं काही ना काही करता येतं. नव्व्याण्णव असते तर मला कळलं असतं, इथं काहीतरी दबलंय. शून्याचं मी काय करू? शून्य तर उत्तर आहे."

"मी परत विचारून आणते," मी म्हटलं.

"मुलं गेलीत का, हे त्या आता तरी सांगतील?"

"तसं विचारतच नाही ना मी. तू बघ फक्त."

मला रस्त्यातच सुचलं होतं. आमच्याकडे लेकरू राहो न राहो, बाई बाळंत झाली की पहिल्या दिवसापासून तिच्या बाजेखाली शेगडी लागते. निखाऱ्यावर ओवा टाकतात, बाळंतशोपा टाकतात, तिला शेक देतात. शेगडी बाईसाठी असते, लेकरासाठी नाही. त्याबद्दल बोलायला कोणाची ना नाही. मी परत ताराबाईकडे गेले. सुनेला म्हटलं, "पोरी, तुझ्या बाजेखाली शेगडी कितीदा लागली गं?" ती पटकन म्हणाली, "तीनदा." म्हणाली आणि थांबली. लेकरं दोन होती. ताराबाईनं सूप खाली ठेवलं, उठून आत गेली, आणि सून तिथंच बसून रडायला लागली. आवाज नाही, नुसतं पाणी. म्हणाली, ताई, ते दीड दिवस होतं, त्याचे केस लई होते. तेवढंच म्हणाली. मी फॉर्मवर लिहिलं.

पाच आठवडे मी तशी फिरले. पहिल्या बसनं जायचं, शेवटच्या बसनं यायचं, केळीच्या बागांमधून पायी. तीनशे एकाहत्तर घरं झाली. एकवीस लेकरं निघाली, कोणी तासाभराचं, कोणी चार दिवसांचं. सेंटर कुलूपबंद असलेल्या दिवसांतली बरीच. एक बाई म्हणाली, आम्ही कुलुपाला हात लावून परत आलो. चिंचझिऱ्यालाही गेले. तिथं ओट्यावर मालूबाई बसलेली, निशाचं पोट चांगलं दिसायला लागलेलं. मालूबाईला माझे हे धंदे पसंत नव्हते. ती म्हणाली, "विहीणबाई, गावभर शेगड्या मोजत फिरू राहिल्या तुम्ही. तुमच्या बाजेखाली कितीदा लागली ते सांगा ना आधी!"

मी म्हटलं, "तीनदा."

निशानं माझ्याकडे पाहिलं. तिला आणि राहुलला माहीत नव्हतं. तिच्या आधीचा एक होता, तीन दिवसांचा, माझ्या सासरी. यांनी नेला होता त्याला टॉवेलात गुंडाळून. एकोणतीस वर्षांत मी ते कोणाला बोलले नव्हते, यांनाही नाही. निशा उठली आणि आत जाऊन तिनं माझ्यासाठी पाणी आणलं.

एकवीस अधिक चार, पंचवीस. मी तो गठ्ठा छातीशी धरून चारुलताकडे गेले. आता खांब उलटा होईल, साहेबांना जाब विचारू, असं काय काय मनात. तिनं आकडे मांडले आणि निरंजन सरांना फोन लावला, स्पीकरवर. सर शांत माणूस, कधी आवाज चढवत नाहीत. म्हणाले, भारतीताई, मला तुमच्या शब्दावर शंका नाही. पण तुम्ही दुसऱ्यांदा गेलात तेव्हा कुठला आकडा यायला हवा हे तुम्हाला माहीत होतं. तुमची मुलगी त्याच गावात आहे. आणि ब गटात हा शेगडीचा प्रश्न विचारलेलाच नाही, तिथंही तो विचारला तर तिथलेही वाढतील. दोन वेगळ्या मापांनी मोजलेलं एकत्र तोलता येत नाही. मी हे सरकारपुढं ठेवलं तर ते पहिल्या मिनिटाला फेकून देतील, आणि ते चुकणार नाहीत.

मी म्हटलं, "सर, लेकरं तर मेलीच आहेत ना?"

ते म्हणाले, "हो."

"मग?"

चारुलता म्हणाली, आपण नवा फॉर्म करू, तुमचा प्रश्न पहिल्या पानावर घालू, दोन्ही गटांत माणसं बदलून पाठवू, जूनमध्ये. पहिला निष्कर्ष आम्ही मागे घेतोय असं पत्र ती साहेबांना आजच पाठवते. तिनं पाठवलंही, माझ्यासमोर. तिची दीड वर्षांची मेहनत त्या पत्रात गेली आणि तिनं मला एक वाकडा शब्द लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. पत्र पोचल्याचा शिक्का आला. पण सेंटर बंद करायची ऑर्डर आधीच निघालेली होती. एकतीस मार्चला सेंटरला कायमचं कुलूप लागलं, नर्स बदलीवर गेली.

मग मी निशाच्या मागे लागले. म्हटलं रीत गेली खड्ड्यात, तू लालबागला ये. मालूबाईनंही आढेवेढे घेतले नाहीत, ती बाई तोंडानं तिखट आहे पण मनानं वाईट नाही. म्हणाली, आखाजीला लेकी माहेरी जातातच, आखाजीला पाठवते, बाळंत होऊनच परत येऊ द्या. मी इच्छापूरला जाऊन देवीची ओटी भरून आले. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दहाच दिवस राहिले होते. मी तिच्यासाठी पुढची खोली झाडून ठेवली, बाज काढली, नवी शेगडी आणली.

आखाजीला आठ दिवस बाकी असताना, दुपारी दोनच्या उन्हात, निशाच्या पोटात कळा सुरू झाल्या. आठवा महिना होता. जीवन कटाईवरून धावत आला, शेजाऱ्याचा टेम्पो काढला, केळीच्या पानांवर गोधडी टाकून तिला झोपवली. आणि सवयीनं ते आधी सेंटरकडेच गेले. डोक्यात तेच, जवळचं ते. कुलूप बघून पुन्हा मागे फिरले. त्यात पाऊण तास गेला. मला जीवनचा फोन आला तेव्हा तो नुसता, आई, आई, करत होता. लेकरू रस्त्यातच झालं, मुलगी. मालूबाईनं आपल्या लुगड्याच्या काठानं नाळ बांधली. मुलगी रडली नाही, फक्त तोंड उघडायची. नर्स असती तर तिच्याकडे ती रबराची पिशवी असते, तोंडावर लावून दोन-चार वेळा दाबली की लेकरू श्वास घेतं. मी आधीच्या ट्रेनिंगांत पाहिलंय ते, शंभरदा. बुऱ्हाणपुरात पोचल्यावर मोठ्या दवाखान्यात त्यांनी तिला काचेत ठेवलं. डॉक्टरांनी हात जोडून सांगितलं, उशीर झाला. डोळे मिटलेलेच होते, पण माझं बोट धरायची. तिसऱ्या दिवशी सकाळी गेली.

पाचवी झाली नाही. जीवन आणि हे तिला घेऊन गेले. यांनी या वेळीही टॉवेलच घेतला होता. परत आल्यावर पंख्याखाली बसले आणि पहिल्यांदाच मला काही शिकवलं नाही.

निशाला मालूबाईनं चिंचझिऱ्याला नेली आणि बाजेखाली शेगडी लावली. मी पण तिथंच राहिले. एप्रिलचं ऊन, पत्र्याचं घर, खाली निखारे, आणि माझी पोर घामानं निथळत भिंतीकडे तोंड करून पडलेली. छातीला दूध येत होतं. मी तिला चार शब्द बोलू म्हणायचे, पण काय बोलणार होते? तिला सगळं माहीत होतं. शून्यांचं मीच तिला सांगितलं होतं, मार्चात, जाब विचारू असं वाटत होतं तेव्हा, मोठ्या जोशात.

जूनमध्ये नवा सर्व्हे निघाला. गट आता अदलाबदल केलेले, आमच्या गावांकडं मोहित. मला त्यात घेतलं नव्हतं, मीच नको म्हटलं. चिठ्ठ्या काढूनच घरं निवडतात, आणि चिठ्ठीत निशाचं घर निघालं. सकाळी दहाच्या सुमाराला मोहित ओट्याशी आला. मला बघून तो थबकला. त्याला कोणीतरी सांगितलेलं असावं. तो खाली वाकला आणि त्यानं बूट काढले.

मालूबाईनं घोंगडी टाकली. निशा दाराशी बसली, मोठा पोरगा तिच्या पाठीला लोंबकळत होता. मालूबाई कोणी विचारायच्या आत म्हणाली, "एकच लेकरू आहे हो साहेब, हा बघा."

"हो माँजी," मोहित म्हणाला. "लेकिन प्रश्न लिहिलाय तसा वाचावा लागतो." त्यानं टॅबलेट वर केला. आवाज बारीक झाला होता त्याचा. "पहिला प्रश्न. तुमच्या बाजेखाली शेगडी आतापर्यंत किती वेळा लागली?"

माझा प्रश्न. जसाच्या तसा, माझ्या शब्दांत. निशा त्याच्याकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती.

"दोनदा," ती म्हणाली.

"आणि सध्या हयात मुलं?"

"आई," निशा म्हणाली, "तुझाच सवाल आहे ना. तूच सांग."

मालूबाईनं मला डोळ्यांनी नको म्हटलं. पोरगा अजून आईच्या पाठीला लोंबकळत होता, हसू राहिला होता. मोहितचं बोट काचेवर तसंच थांबलेलं. चारशे आठ घरांत मी याच जागी पाणी कुठून भरता असं विचारून पुढं गेले होते. माझ्या तोंडात आताही तेच आलं होतं, खरं सांगते. ओठांवर आलं होतं.

"लिही," मी म्हटलं. "बाळंतपणं दोन. हयात एक. गेलेली एक, मुलगी, तिसऱ्या दिवशी. सेंटर बंद होतं."

"ते शेवटचं लिहायला खाना नाहीये, ताई," मोहित म्हणाला.

"बरं."

त्यानं तीन ठिकाणी बोट लावलं. मग बाहीनं तोंड पुसून पुढचा प्रश्न वाचला, पिण्याचं पाणी कुठून भरता. निशा म्हणाली, हातपंपावरून.